पोच

सलग नववी रात्र. दोन चाळीस.
एकेचाळीस टक्क्यांवर पट्टी थबकते
आणि पडदा कारकुनी आवाजात तेच सांगतो:
नेटवर्कवरचे ठिकाण सापडत नाही.

ठिकाण तर इथंच आहे. फडताळात, बटाट्यांच्या पोत्याशेजारी,
हिरवा दिवा लावून बसलेली एर्मेलिंदोची डिस्क.
तिच्या पाठीवर चिकटपट्टी, त्याच्याच हातची,
पेनानं लिहिलेला पत्ता, शेवटचा आकडा वीस,
खाली बारीक अक्षरांत: हात लावू नये.
तो मे महिन्यात गेला. मी हात लावला नाही.

बाकी सगळं करून झालं.
केबल बदलली. कास्त्रोहून नवा स्विच मागवला,
तो फेरीबोटीनं आला, मेंढ्यांच्या लोकरीचा वास घेऊन.
फायरवॉल मिनिटभर उघडी टाकली, परसदार उघडं टाकावं तशी,
कॉम्प्युटरला बजावलं, झोपायचं नाही.
नाही झोपला. तरीही एकेचाळीस.

आणि प्रत कशाची, तर एकतीस वर्षांच्या निरोपांची.
बेटांवर फोन नव्हते तेव्हा आमचा रेडिओच ओरडून सांगायचा:
आपिआओच्या सेगुंदो मान्सियाला, गाय व्याली, दोघी बऱ्या आहेत.
मेउलीनच्या ऑर्फेलियाला, मुलगा दवाखान्यात आहे,
गुरुवारच्या बोटीनं ये, येताना कोरडे मोजे आण.
वाचणारी मीच. तेवीस वर्षांची, सर्दी झालेली.
निरोप सोडायचा, पुढचा कागद घ्यायचा.
रेडिओला पोच नसते.

पिंगला असते. म्हणून आज दोन चाळीसला
त्या विसाव्या पत्त्यावर हाक मारली.
चार हाका, चार वेळा ओ.
म्हणजे डिस्क जागी आहे. म्हणजे मीच खुळी.

मग, का कोण जाणे, हात लावला.
डिस्कची केबल उपसून टेबलावर ठेवली
आणि पुन्हा हाक मारली.

ओ आली.

मी भुताखेतांतली नाही.
तरी चुलीत एक ओंडका जास्तीचा सारला
आणि काही वेळ पडद्याकडे पाठ करून बसले.
वायर नाही, वाट नाही, आणि एर्मेलिंदोच्या पत्त्यावरून
कोणीतरी बिनचूक उत्तर देतंय,
जरा उशिरानं, दमल्यासारखं.

राउटरकडून घरातल्यांची यादी मागवली.
विसासमोर एका मोबाइलचं नाव.
तेवढ्यात जिन्याची तिसरी पायरी करकरली,
बूट काढल्याचा आवाज, एक, मग बऱ्याच वेळानं दुसरा.
लिसांद्रो. वरच्या खोलीतला नवा भाडेकरू,
सॅमन कारखान्यातली रात्रपाळी संपवून आलेला.
येऊन नऊ दिवस झाले. पासवर्ड मीच दिला होता,
चहाच्या पुड्यावर लिहून.

राउटरचा तरी काय दोष.
दारात आलेल्याला तो मोकळी जागा देतो.
वीस नंबर मोकळा नाही, हे ठाऊक होतं
एका चिकटपट्टीला आणि एका मेलेल्या माणसाला.
दोघांनीही राउटरला कळवलं नव्हतं.

पोराला उठवून काय सांगू?
तू झोपतोस तो पत्ता दुसऱ्याचा आहे?
डिस्कलाच हलवलं. राउटर जिथवर जागा वाटतो
त्याच्या पलीकडे, दोनशे वीसला.
चिकटपट्टी काढली नाही, खोडलीही नाही,
त्याच्या विसाच्या आधी माझ्या पेनानं एक दोन घातला.
अक्षर जुळत नाही. असू दे.

तीन वाजून सहा. एकेचाळीस.
मी श्वास धरलाय, हे श्वास सोडल्यावर कळलं.
बेचाळीस.

फायलींची नावं भरभर सरकतात, त्यांत मेउलीन, जुलै, बुधवार.
ऑर्फेलियाचा निरोप आता दोन ठिकाणी आहे.
ती गुरुवारच्या बोटीनं आली का,
मोजे कोरडे राहिले का,
हे कुठल्याच फाइलीत नाही.

वर नळ सुटला, बंद झाला.
त्रेचाळीस.